रंजूनं न दिलेला धक्का

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातल्या माणसाचं काम नव्हे. मी जे थोडंफार लिहिलं त्याने काय झालं ते पुढे कळेलच, आणि तरीही मी पुन्हा लिहायला बसलो आहे. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिला. वाक्य नीट जमलं नाही तर सांभाळून घ्या, असं म्हणणार होतो — पण नको. सांभाळून घेऊ नका.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, वडिलांना नाही, ज्याच्यासोबत खोली घेऊन राहतो त्या मित्रालाही नाही. एकदा भर वर्गात सांगितलं होतं. पण ते सांगणं नव्हतं, तो वेगळाच प्रकार होता. त्याच्याकडे येईन.

आमचं गाव गुडीहत्नूरहून थोडं आत. वडील आदिलाबादच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलतात. मी डिग्रीच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा राज्याच्या सीमेपलीकडे छापल्या जाणाऱ्या एका मराठी पेपरला आमच्या भागातून बातम्या पाठवणारा पोरगा हवा होता. आमच्याकडे शिकणारी पोरं तेलुगू नाहीतर इंग्रजीत शिकतात. बऱ्यापैकी मराठी लिहिणारा मी सापडलो. राजकारण, गुन्हे, बाजारभाव हे जुन्या वार्ताहरांकडे होतं. खेळ कुणालाच नको होते, ते मला मिळाले. पगार नव्हता. गळ्यात घालायचं ओळखपत्र होतं, आणि — हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही — खुर्ची होती.

खुर्ची म्हणजे प्लास्टिकचीच. आमच्याकडे गावोगावी कबड्डीच्या स्पर्धा होतात, तिथे गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाशेजारी प्रेसवाल्यासाठी एक खुर्ची ठेवतात. लोक दोरीपलीकडे उभे असतात, आणि तुम्ही बसलेले. कुणीतरी चहा आणून देतं. 'बसा सर' म्हणतं. माझ्या वडिलांना 'बसा' म्हणून कुणी खुर्ची पुढे केलेली मी लहानपणी पाहिली नव्हती. ते एकदा सामना बघायला आले आणि दोरीपलीकडून सामन्याकडे कमी, माझ्याकडेच जास्त बघत राहिले. ती खुर्ची जाऊ नये असं मला वाटायचं. किती वाटायचं? आता लक्षात येतं — फारच.

आणि रंजू खेळायची. रंजू माझी धाकटी बहीण.

ती तेव्हा इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती, आणि आमच्या तालुक्याएवढ्या मंडलात तिच्यासारखी चढाई करणारी मुलगी नव्हती. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. म्हणजे — माझ्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न आहेच. ती घाई करायची नाही. 'कबड्डी कबड्डी' इतक्या हळू आवाजात म्हणायची की पंचांना कान पुढे करून चालावं लागायचं. समोरच्या पोरींना वाटायचं ही परत निघाली, आणि तेवढ्यात हिचा पाय कुणाला तरी लागलेला असायचा. खेळून आली की अंगणात बसून तळपायाचे काटे काढायची आणि आईला म्हणायची, "आज चार जणी माह्या अंगावर होत्या माय, चारही जेवलेल्या दिसत होत्या."

मला तिचं कौतुक होतं का? होतं. हेवा वाटायचा का? हेही खरं. घरात शिकणारा मी, आणि बाजारात लोक म्हणायचे, "हा रंजूचा भाऊ." मी हसून मान हलवायचो. मान हलवताना आत काय व्हायचं ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

पण पहिली चूक उलट्या बाजूने झाली. मी तिच्यावर भरभरून लिहायला लागलो. संघ जिंकला तर रंजूमुळे, हरला तर रंजूची झुंज एकाकी. तिच्या संघात मौनिका नावाची मुलगी होती, पकड करणारी. एकदा शेवटच्या क्षणी तिने एकटीने समोरची खेळाडू धरून सामना वाचवला आणि मी बातमीत तिचं नावच लिहिलं नाही. विसरलो असं म्हणालो. विसरलो नव्हतो. जागा थोडी होती आणि रंजूला अजून एक ओळ हवी होती. मौनिकाचे वडील हायवेवर टिफिनचं हॉटेल चालवत. मी इडली खायला गेलो तर सगळ्यांसमोर म्हणाले, "क्या रिपोर्टर साब, हमारी बच्ची खेलतीच नै क्या? पेपर में तो दिखतीच नै." सगळे हसले. मीही हसलो. इडली मात्र संपवता आली नाही.

त्याच आठवड्यात पेपरच्या ऑफिसातून फोन आला. पान लावणारे साहेब होते. म्हणाले, "अरे, तुमच्या जिल्ह्यात तुझी बहीण सोडून कोणी खेळतं की नाही? का आपण तुझ्या घरचं पत्रक छापतोय?"

खरं म्हणजे त्याच दिवशी सांगायला हवं होतं — साहेब, तिच्या सामन्यांची बातमी दुसऱ्या कुणाला द्या. एवढं साधं होतं. पण मग मंडलातले सगळे मोठे सामने गेले असते, कारण मोठ्या सामन्यात ती असायचीच. आणि सामने गेले की खुर्ची गेली. मी म्हणालो, "यापुढे असं होणार नाही, सर." झालंही नाही. जे झालं ते वेगळंच.

संक्रांतीच्या सुट्टीत गुडीहत्नूरला शाळेच्या मैदानावर मोठी स्पर्धा होती. जिल्ह्याचा मुलींचा संघ निवडणारी माणसं अंतिम सामना बघायला येणार होती. जिल्ह्याच्या संघात नाव लागलं की पुढे हैदराबादला खेळाडूंच्या वसतिगृहात राहून शिकायची वाट उघडत होती. रंजूला तिथे जायचं होतं. वडिलांनी सांगून टाकलं होतं — तिथं नंबर लागला तर शीक पोरी, नाही तर आम्ही तुझं बघून टाकू. 'बघून टाकू' म्हणजे लग्न. त्या एका सामन्यावर तिचं एवढं सगळं होतं, आणि मला ते माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

आता काय झालं ते सांगतो. मैदानावर जसं झालं तसंच सांगायचा प्रयत्न करतो — हे मी तेव्हाच करायला हवं होतं.

सामना संपायला थोडाच वेळ होता. रंजू चढाईला गेली, तिला तिघींनी धरलं, ती तशीच त्यांना ओढत मध्यरेषेकडे आली आणि पडता पडता हात लांब केला. हात रेषेला लागला. मी खुर्चीवर होतो, रेषा माझ्या समोर होती, मी पाहिलं. पण पंच दुसऱ्या बाजूला होते. ते एका गावच्या शाळेतले पीईटी सर होते, म्हणजे खेळाचे मास्तर, भला माणूस. त्यांनी तिला बाद दिलं. रंजू उठली. बोटांना रेषेचा चुना लागला होता. ती सरांजवळ गेली आणि तोंडाने काही न बोलता ती पांढरी बोटं तिने त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. सर एक पाऊल मागे सरले. मागे मंडपाची दोरी खुंटीला बांधलेली होती. सरांचा पाय दोरीत अडकला आणि ते धपकन खाली बसले.

लोक खो-खो हसले. कुणीतरी ओरडलं, "मास्तर आउट!" हशा वाढला आणि सर चिडले, खेळणारी पोरगी पंचांच्या अंगावर आली म्हणून त्यांनी तिला बाहेर बसवलं. संघ हरला. रंजूने त्यांना हातसुद्धा लावला नव्हता. तिच्या बोटांत आणि सरांच्या अंगात वीतभर अंतर होतं. हे माझ्याइतकं जवळून कुणीच पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मी बसस्टँडवरून बातमी पाठवली. साधी होती — कोण जिंकलं, गुण किती, बक्षीस कुणाच्या हातून. खाली एक ओळ होती की एका निर्णयावरून वाद झाला आणि पंच पडले. रंजूचं नाव मी कुठेच टाकलं नव्हतं. थोड्या वेळाने साहेबांचा फोन आला.

"गुण कोण वाचतं रे? हे पंच पडले म्हणतोस, ते कसे पडले? कोणी ढकललं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बोल ना. कोणी ढकललं?"

आता त्या क्षणाबद्दल मी कितीदा विचार केला असेल? कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. 'कोणीच नाही, दोरीत अडकून पडले' — एवढंच वाक्य होतं. ते तोंडात होतं. पण ते तोंडात असतानाच मला वाटलं, हे म्हणतील, घेतली बहिणीची बाजू! पुन्हा घरचं पत्रक! आणि त्याच्या खाली अजून काहीतरी होतं. ते लिहायला हात जड होतो. मला वाटलं — एकदा तिचंही वाईट लिहून येऊ दे. एकदा बाजारात तिला विचारू देत, की तू त्या रिपोर्टरची बहीण ना?

मी म्हणालो, "माझ्या बहिणीनं."

"सख्ख्या?"

"हो."

"आणि हे तू स्वतः सांगतोयस? शाब्बास! याला म्हणतात पत्रकार. तुझ्या नावानं लावतो."

दुसऱ्या दिवशी बातमी माझ्या नावाने आली. त्याआधी माझं नाव कधी छापलं नव्हतं. मथळा होता — 'पंचांना खेळाडूचा धक्का'. शेजारी चौकटीत ठळक अक्षरांत दिलं होतं की हे वृत्त देणारा वार्ताहर त्या खेळाडूचा सख्खा भाऊ आहे.

वडिलांना वाचता येत नाही, आईलाही नाही. माझी बातमी आली की वडील स्टँडवरून पेपर घेऊन येत आणि घरात सगळ्यांसमोर तो वाचला जाई. वाचायची रंजू. त्या दिवशीही वडील पेपर घेऊन आले. स्टँडवर कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पोराचं नाव छापून आलं आहे. बाकी काय आलं आहे ते सांगितलं नव्हतं.

"कुठं हाय नाव? दाखव बरं," म्हणाले. रंजूने बोट ठेवून दाखवलं. त्यांनी नावावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "वाच आता. सावकाश वाच, तुह्या मायले समजलं पायजे."

तिने वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, शाळेत धडा वाचतात तसं. 'धक्का' या शब्दाशी ती थांबली नाही, चौकटीशीही नाही. आई म्हणाली, "काऊन ढकललं वो तू मास्तरले?" रंजूने पेपराची घडी केली आणि मला विचारलं —

"दादा, धक्का हा शब्द तुहा होय का पेपरवाल्याईचा?"

मी म्हणालो, "पेपरवाल्यांचा. तिकडे बदलतात ते."

"हं," ती म्हणाली आणि पेपर वडिलांच्या हातात दिला.

पाहिलंत? एक खोटं निस्तरायची संधी आली आणि मी दुसरं बोललो. वडिलांनी तो पेपर लोखंडी पेटीत नीट ठेवला. पोराचं नाव होतं ना त्यात.

गावात मला शिव्या पडतील असं वाटलं होतं. उलटच झालं. मौनिकाच्या वडिलांनी इडलीचे पैसे घेतले नाहीत, म्हणाले, "मान गये साब, सगी बहन को भी नै छोड़े." मोठ्या वार्ताहरांनी पाठीवर थाप मारली. सगळ्यांनी त्या बातमीवर विश्वास ठेवला. का ठेवला? भावाने लिहिली म्हणून. परक्याने लिहिली असती तर लोकांनी विचारलं असतं, खरं कशावरून? भाऊ बहिणीवर खोटा आळ कशाला घेईल? माझ्या नात्याचं एवढं वजन होतं, आणि ते सगळं मी तिच्यावर टाकलं.

निवड करणाऱ्यांनी रंजूला बोलावलं. पंचांच्या अंगावर जाणाऱ्या मुलीला संघात घ्यावं की नाही, ते ठरवायचं होतं. आदिलाबादला एका शाळेत रविवारी ते बसणार होते, पीईटी सरांनाही बोलावलं होतं. मीच तिला मित्राच्या मोटारसायकलवरून घेऊन गेलो. ती आत गेली, मी समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. ती बराच वेळ आत होती. मधे एकदा दारात आली, माझ्याकडे बघून परत आत गेली. मला वाटलं, मी आहे की गेलो ते बघायला आली असेल. शेवटी बाहेर आली.

"काय झालं?"

"काई नाई. चल."

तिचं नाव कटलं होतं आणि वर्षभर खेळायला बंदी होती. येताना ती मला धरून बसली होती. परत जाताना तिने मागचा लोखंडी दांडा धरला. त्यानंतर ती मैदानावर गेली नाही. इंटर झालं आणि वडिलांनी म्हटल्याप्रमाणे बघून टाकलं. ती बेल्लमपल्लीला असते, खाणीच्या क्वार्टर्समध्ये. नवरा माणूस म्हणून बरा आहे. सणाला येते, मला दादाच म्हणते, माझ्या ताटात आधी वाढते. आजवर एका शब्दाने बोललेली नाही. तुम्ही म्हणाल, मग विसरली असेल. मीही तसंच म्हणायचो.

आता वर्गातली गोष्ट. पुढे पत्रकारिता शिकायला गेलो तेव्हा आमच्या सरांनी विचारलं, बातमीदाराच्या घरचा माणूस खेळत असेल तर त्याने ती बातमी लिहावी का? सगळे म्हणाले, नाही. तो घरच्या माणसाला चढवून लिहील. मी हात वर केला. म्हणालो, सर, मी माझ्या बहिणीविरुद्ध लिहिलं आहे. गोष्ट सांगितली — पेपरात आली होती तशी, धक्क्यासकट. सर म्हणाले, अशी हिंमत हवी. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी उभा राहून त्या घेतल्या. आणि मी हसत होतो. पेपरात लिहिलं तेव्हा भीती होती, हेवा होता. वर्गात काय होतं? तिथे तर मला कुणी काही विचारलंही नव्हतं.

या सगळ्यात मी स्वतःला एकच गोष्ट सांगून दिवस काढले. ती अशी, की मला पुन्हा कुणी विचारलं नाही. निवड करणाऱ्यांनी मला बोलावलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. मी तर बाहेरच बसलो होतो, हाकेच्या अंतरावर. एक हाक आली असती तर चहा टाकून आत गेलो असतो आणि म्हणालो असतो, की ते दोरीत अडकून पडले, माझं चुकलं. मला खरोखर तसं वाटायचं. त्या न आलेल्या हाकेला टेकूनच मी झोपत होतो.

गेल्या महिन्यात निर्मलला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी ते पीईटी सर येऊन बसले. आता रिटायर झाले आहेत. मी ओळख दाखवली नाही, त्यांनीच दाखवली.

"अजून लिवतं का बाबू पेपरात? का सोडलं?"

"सोडलं, सर."

"बरं केलं." मग हसले. "तुह्या त्या पेपरानं मले लय मोठा केला बाप्पा. म्या दोरीत पाय अडकून पडलो, अन् तू पोरीच्या नावावर लावलं. माही बायको आजही हासते, म्हणते, दोरीचं नाव काऊन नाई छापलं?"

मला हसता आलं नाही. मी विचारलं, हे तुम्ही त्या दिवशी निवड करणाऱ्यांसमोर का सांगितलं नाही?

सरांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. म्हणाले, सांगितलं होतं की. सगळ्यांसमोर सांगितलं, दोन वेळा. पण त्या लोकांनी पेपर पुढे केला. म्हणाले, सर, तुम्ही दयेपोटी बोलताय, इथे सख्ख्या भावानेच लिहिलं आहे. शेवटी त्यांनी तोड काढली — भाऊ येऊन म्हणाला की असं झालं नाही, तर विषय संपला, पोरीचं नाव तसंच ठेवू.

"म्या स्वतः तिले म्हणलो, पोरी, भाऊ तं बाहेरच बसला हाय, बलाव त्याले. ती उठली, दारापावतर गेली. तुह्याकडं पायलं तिनं. अन् वापस येऊन म्हणे — तो नाई बोलणार, सर."